हवा वर्धेची, अंगठा पुण्याचा

रोज अपडाऊन करणाऱ्या माणसांकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, डब्यांची झाकणं आणि किस्से. झाकणं हरवतात, किस्से मात्र हरवत नाहीत. उलट रोज त्याच रस्त्यानं जाता-येता ते रंगत जातात, आणि ज्याची फजिती झाली तोच एक दिवस ती दुसऱ्याची म्हणून सांगायला लागतो! म्हणून म्हटलं, मून बाबूंनी सगळं गावंडे सरांच्या नावावर खपवण्याआधी आपण लिहून टाकावं.

तर आमची गाडी म्हणजे वानखेडे सरांची गाडी. वर्धा ते आर्वी, आंजी-खरांगण्यावरून. शाळा आर्वीला, राहायला सगळे वर्धेत. स्टिअरिंगवर वानखेडे सर, विषय इतिहास, रिटायरमेंट जवळ आलेली. त्यांच्या बाजूला गावंडे सर, विज्ञानवाले. मागे डावीकडे मी, ढोक मॅडम, मराठी शिकवते. आणि मागे उजवीकडे आमच्या शाळेचे क्लार्क मून बाबू, ज्यांना बसायला जागा जरा जास्त लागते. या जागा इतक्या ठरलेल्या आहेत, की सुट्टीच्या दिवशी रिक्षात बसतानासुद्धा मी डावीकडेच सरकते.

* * *

सुरुवात झाली ती एका एप्रिलात. भर दुपारी आंजीजवळ गाडीचं मागचं चाक फुटलं. त्यातली हवा आधीपासून कमी होत आली असणार, पण कुणाचं लक्ष असेल तर ना! पंगतीत भात आधी वाढावा की पोळी, यावर आमचं जोरात भांडण चाललं होतं. सरांनी काही घाई न करता गाडी हळूच एका रिकाम्या वावरात उतरवली. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. स्टेपनी चढवली, पाणी प्यायलो आणि निघालो.

सरांनी बजावलं, घरी कुणी काही बोलायचं नाही. सगळ्यांनी शपथा घेतल्या, मून बाबूंनी सर्वांत आधी. आणि घरी जाऊन फुटलेल्या टायरचा फोटो स्टेटसला लावला, वर लिहिलं, 'आज वाचलो.'

तो स्टेटस पुण्यात मृणालनं पाहिला.

मृणाल ही सरांची एकुलती एक मुलगी, कॉम्प्युटरमधली इंजिनीअर. सर गाडी शिकले ते पन्नाशी उलटल्यावर, त्यामुळे बापाच्या ड्रायव्हिंगवर तिचा भरवसा कधीच नव्हता. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. सरांनी तो गाडीत स्पीकरवर घेतला, ही त्यांची चूक.

"बाबा, चाकांची हवा सांगणारं मीटर पाठवते. ते लावा. नाही लावलं तर गाडी विकायची. मी स्वतः येऊन विकते."

 गाडी गेली तर आम्ही तिघं एसटीत, ते एक वेळ चाललं असतं. पण सरांची गोष्ट वेगळी होती. आयुष्यभर लोकांच्या मोटरसायकलवर मागे बसून फिरलेला हा माणूस, स्टिअरिंगवर बसला की दोन इंच उंच दिसायचा. ते सुख त्यांच्याकडून काढून घेणं म्हणजे काय, हे आम्हाला माहीत होतं.

मीटर आलं. चार छोट्या काळ्या टोप्या, त्या चाकात हवा भरायच्या तोंडावर फिरवून बसवायच्या. आणि एक छोटा डबा, तो समोरच्या काचेजवळ ठेवायचा. त्यावर चारही चाकांची हवा आकड्यांत दिसते आणि कमी-जास्त झाली की डबा ओरडतो. एवढ्यावर मृणालचं समाधान नव्हतं. रोज सकाळी निघण्याआधी सरांनी त्या डब्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, तिनं तो पाहायचा, आणि तिचा अंगठा आला की मगच गाडी हलवायची.

सर फोटोखाली दोनच शब्द लिहीत, 'निघू का?'

हेडमास्तरांना न विचारता चहाला जाणारा माणूस, मुलीला रोज विचारायचा, निघू का! आणि आम्ही तिघं वर्धेतल्या आर्वी नाक्याच्या कडुनिंबाखाली, गाडीत बसून, पुण्याच्या अंगठ्याची वाट पाहत. एकदा ती आंघोळीला गेलेली. एकदा मीटिंगमध्ये. आम्ही शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. हेडमास्तरांनी उशिराचं कारण विचारलं.

गावंडे सर म्हणाले, "पुन्यावरून सिग्नल नाई भेटला."

* * *

त्या डब्याच्या पाठीवर सोलरची पट्टी होती. आधी चांगलं ऊन द्या, असं माहितीपत्रकात लिहिलेलं. सरांनी ते काम घरी काकूंवर, म्हणजे मृणालच्या आईवर सोपवलं, कारण ऊन देण्यातलं काकूंपेक्षा जास्त कुणाला कळणार?

काकूंनी गच्चीवर मूगवड्या घातल्या होत्या. त्यांच्या रांगेतच डबा ठेवला. दिवसभर ऊन खाऊन संध्याकाळी डबा खाली आला, पण चालू होईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. तरी नाही. सर वैतागले, मृणालला फोन लावायला निघाले. मी सहज विचारलं, काकू, ठेवता कसा?

तर काकू वड्यांवर कावळे बसू नयेत म्हणून जे जुनं लुगडं पसरायच्या, ते डब्यावरही नीट ओढून घ्यायच्या. चारही कोपऱ्यांना दगड ठेवून!

* * *

मीटर सुरू झालं आणि आठ दिवसांत आमच्याकडे चाकांची वाटणी झाली. ती कुणी केली नाही, आपोआप झाली. जो ज्या कोपऱ्यात बसतो ते चाक त्याचं. वर्गशिक्षक असतो तसा हा चाकशिक्षक. सकाळी गाडीत बसलं की नमस्कार नंतर, आधी आपापला आकडा. मागचं डावं चाक चांगलं असलं की माझा दिवस बरा जायचा, हे मी कुणाला सांगितलं नाही, पण ते खरं आहे.

मून बाबूंचं चाक मात्र रोज इतरांपेक्षा कमी. हवा भरली की दोन दिवस बरं, पुन्हा खाली. डबा अजून ओरडत नव्हता, पण गावंडे सर ओरडायला कशाला सोडतात! त्यांनी मागे वळून मून बाबूंच्या पोटाकडे एकदा नीट पाहिलं.  ते पाहणंच पुरलं.

दुसऱ्या दिवसापासून खरांगण्याच्या स्टॉपवरचा आलूबोंडा बंद. बाबू गाडीतच बसून राहायचे, खिडकीची काच वर करून, वास येऊ नये म्हणून. डब्यात काकडी यायला लागली. दोन आठवड्यांत बाबूंचा चेहरा उतरला, आणि चाकही तसंच उतरत राहिलं. आता बाबू खरोखर घाबरले. वहिनींना म्हणाले म्हणे, माझ्या शरीरात काही तरी वेगळंच वजन आहे.

शेवटी सरांनी पंक्चरवाल्याला दाखवलं. टायरमध्ये पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, एक बारीक खुंट रुतून बसलेलं होतं. कुठल्या तरी वावराच्या कडेला गाडी लावली असेल तेव्हा घुसलं. बाबूंनी ते खुंट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"एवढ्याशा काडीनं माहे दोन हप्ते खाल्ले," ते म्हणाले, आणि त्या दिवशी दोन हप्त्यांचे बोंडे एकदम खाल्ले.

* * *

आता गावंडे सरांची पाळी. हा किस्सा ते सोडून सगळे सांगतात.

त्या सकाळी अंगठा वेळेवर आला. खरांगण्याच्या अलीकडे सरांना डब्यावर धूळ दिसली. त्यांनी एका हातानं गळ्यातल्या दुपट्ट्याच्या टोकानं ती पुसली. थोड्या वेळानं सहज नजर गेली, तर चारही चाकांत दोन, दोन, दोन, दोन. दोनाच्या पुढे काही तरी टिंब आणि एक आकडा. रोज तीसच्या वर असणारी हवा!

सरांनी गाडी बाजूला घेतली. चौघं उतरलो आणि आपापल्या चाकापाशी उभे राहिलो. चाकं तर फुगलेली दिसत होती. बाबूंनी त्यांच्या चाकाला लाथ मारून पाहिली आणि पाय धरून बसले.

सर म्हणाले, "गावंडे, हवा नाई तं चाक उभं कसं काय?"

गावंडे सर त्याच आठवड्यात नववीला दाब शिकवत होते. त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, टायर कडक झाले असतील, ते आपल्याच बळावर उभे आहेत. डबा मग ओरडत का नाही, असं मी विचारलं. बाबू खालूनच म्हणाले, "तोबी घाबरला असन."

तिथून पेट्रोल पंपापर्यंत आम्ही जे गेलो, ते एका बैलगाडीच्या मागे. तिला ओव्हरटेक करायची सरांची हिंमत होईना. पंपावरच्या माणसानं चारही चाकं तपासली आणि म्हणाला, हवा बरोबर आहे. सरांचा विश्वास बसेना. त्यांनी डब्याचा फोटो काढून मृणालला पाठवला.

उत्तर लगेच आलं. सरांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं.

"बाबा, बटण दाबलं गेलंय, त्यामुळे मोजायचं माप बदललं. हवा तेवढीच आहे. गावंडे काका गाडीत नाहीत का?"

* * *

मून बाबूंच्या पुतण्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, देवळीला होतं. जाताना टायरला खिळा लागला. देवळीच्या पंक्चरवाल्यानं काम चोख केलं, वर सरांनीच सांगितलं म्हणून चारही चाकं तपासून दिली. फक्त टोप्या काढून एका वाटीत ठेवल्या आणि परत लावताना ज्या हाताला आल्या तशा लावल्या. कुठली टोपी कुठल्या चाकाची, हे त्या टोपीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते आम्हीही तोवर वाचलेलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी डबा ओरडला. समोरचं डावं चाक कमी. म्हणजे गावंडे सरांचं! आजवर त्यांच्या चाकानं कधी मान खाली घातली नव्हती. पंप आल्याबरोबर ते तडक उतरले, हवा भरून घेतली. आकडा हलेना. अजून भरली, तरी तेवढाच. आणि गंमत म्हणजे स्वतःच्या चाकात हवा भरून त्यांनी टोपी परत लावली, की दर वेळी माझ्या चाकाचा आकडा चढलेला असायचा.

मी काही न करता माझी हवा वाढते आहे, हे पाहून मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

गावंडे सरांच्या लक्षात टोप्यांचा घोळ आला. टोप्या जागच्या जागी लावल्या, तेव्हा कळलं की हवा कमी झालेलं चाक खरं तर माझं आणि ढोलासारखं टम्म झालेलं त्यांचं. ते रुमालानं हात पुसत म्हणाले, "मॅडम, पेपर तुमचा होता, सोडवला म्या."

* * *

ऑक्टोबरच्या उन्हात मात्र प्रकरण हातघाईवर आलं.

शाळेच्या मैदानावर गाडी दिवसभर उन्हात उभी असते. परतताना रस्ताही तापलेला. डबा ओरडायला लागला, चारही चाकांत हवा जास्त. सरांनी गाडी थांबवली आणि प्रत्येक चाकातली थोडी थोडी हवा सोडून दिली. डबा गप्प बसला. सर खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गार हवेत, चारही आकडे कमी. फोटो गेला, अंगठा आला नाही. आधी हवा भरा, असं उत्तर आलं. भरली. दुपारी पुन्हा जास्त, पुन्हा सोडली. सकाळी पुन्हा कमी. असं तीन दिवस. हवा आपण स्वतःच सोडतो, हे सरांनी मुलीला सांगितलं नाही, कारण तिनं विचारलं नाही.

मृणाल पुण्यात राहून शुद्ध बोलते, पण चिडली की सरळ वर्धेत उतरते. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "बाबा, चारही चाकातून रोज हवा चालली. तुम्ही गाडी चालवून राह्यले का कुटून राह्यले? आता गाडी ठेवा घरी. दिवाळीले येतो आन् विकूनच टाकतो."

 गाडी घरी गेली, वर ताडपत्री चढली.

आम्ही एसटीत. सर खिडकीशी बसत, बाहेर बघत. गावंडे सरांनी एसटीत उभ्या उभ्याच शोध लावला, की तापल्यावर हवा फुगते, सकाळी गार असताना मोजायची असते, दुपारी सोडायची नसते. नववीच्या पुस्तकात आहे म्हणे. सरांनी मान हलवली, पण मुलीला फोन करून समजावून सांगायला ते तयार होईनात. म्हणाले, तिचा भरवसाच नाई तं कायले बोलाचं. मला खूप वाईट वाटलं. चौघांच्या चार जागा एसटीत चार दिशांना झाल्या होत्या, आणि सकाळी कुणी कुणाला आकडा विचारत नव्हतं.

मग एका सकाळी वर्धेच्या स्टँडवर सर एसटीत चढायच्या आधी थांबले. मोबाइल काढला. मागच्या चाकापुढे उकिडवे बसले आणि फोटो काढला. काळंकुट्ट, चिखलानं माखलेलं एसटीचं चाक. खाली लिहिलं, 'निघू का?'

कंडक्टरनं बेल मारली. सर खालीच. कंडक्टर म्हणाला, गुरुजी, चढा. सर म्हणाले, "थांब भाऊ. पुन्यावरून येऊ दे."

अंगठा आला नाही, फोनच आला. पोरगी हसत होती की रडत होती ते स्पीकरवर नीट कळलं नाही. सरांनी मग उन्हाची, हवा सोडण्याची सगळी कहाणी सांगून टाकली, कंडक्टरसकट सगळ्या एसटीला ऐकू जाईल अशी. 

मग ती म्हणाली, "काढा बाबा गाडी."

* * *

दिवाळीला मृणाल आली ती पुण्याहून स्वतः गाडी चालवत, एकटी. सरांनी तिच्या गाडीला एक चक्कर मारली आणि विचारलं, हवा कधी पाहिली होती? ती म्हणाली, सर्व्हिसिंगला. सर्व्हिसिंग कधी झालं, हे तिला आठवेना. सर नुसती मान हलवून आत गेले, तेव्हाच आम्ही समजायला हवं होतं.

ती परत निघाली त्या सकाळी आम्ही तिघं निरोप द्यायला गेलो होतो. काकूंनी वर्धेच्या गोरसपाक बिस्किटांचे पुडे दिले. सरांनी एक खोकं दिलं. तिला वाटलं साडी. निघालं मीटर, अगदी तेच.

ती म्हणाली, बाबा, माझी गाडी नवी आहे. सर म्हणाले, "लावजो. नाई लावलं तं गाडी विकाची. मी स्वता येऊन विकतो."

गावंडे सरांनी टोप्या बसवल्या, यावेळी अक्षरं वाचून.

तेव्हापासून कडुनिंबाखाली आमचा फोटो जायचा आणि तिकडून तिचा यायचा. तिच्या फोटोखाली मात्र काही लिहिलेलं नसायचं. तोंडावर फेकावा तसा नुसता फोटो, आणि उत्तराची वाट न पाहता पोरगी रस्त्याला लागलेली असायची. सर तो फोटो मोठा करून पाहत, मग फोन आमच्याकडे फिरे. मी तिचं मागचं डावं पाहायची. माझंच चाक ते!

थंडीच्या दिवसांत एकदा फोन बाबूंकडे आला आणि बाबू परत देईनात. कालचा फोटो काढला, परवाचा काढला. सरांनाही काही तरी शंका आली होती, म्हणून ते आरशातून बाबूंकडे पाहत होते.

"सर," बाबू म्हणाले, "पोरीच्या गाडीत माहं चाक उतरून राह्यलं. रोज एक-एक आकडा."

सरांनी फोन लावला. मृणाल नुकतीच घरातून निघाली होती, ऑफिसच्या कामानं मुंबईला जायचं होतं, एक्स्प्रेसवेनं. म्हणाली, बाबा, मीटर ओरडलेलं नाही, मला उशीर होतोय. सर म्हणाले, तो डबा उशिरा ओरडते, बाबू लवकर ओरडतात. ती भडकली. सरांनी फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला. "बेटा, आंजीले मले वावर भेटलं होतं. तिथं वावर नाई भेटणार. पह्यले पंक्चरवाल्याकडे जाजो."

तिनं फोन ठेवून दिला. दिवसभर काही कळलं नाही. सरांनी दोन तास शिकवले, पण मुलांनी कुठली लढाई झाली ते विचारलं तर सांगता येईना. परतताना आंजीजवळ मेसेज आला. एका लांब स्क्रूचा फोटो, हाताच्या तळव्यावर ठेवलेला. खाली काही नाही. सरांनी तो पाहिला, फोन खिशात ठेवला आणि आर्वी नाक्यापर्यंत गाडी फार हळू चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कडुनिंबाखाली येऊन थांबलो. आमचा फोटो अजून गेला नव्हता, तेवढ्यात तिचाच आला. चारही आकडे छान होते. आणि फोटोखाली, पहिल्यांदाच, काही तरी लिहिलेलं होतं.

'निघू का, बाबा?'

सरांनी चष्मा पुसला. फोटो मोठा केला, एकेक चाक पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग फोन समोर ठेवला आणि हात बांधून बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गावंडे सरांना राहवेना. म्हणाले, सर, अंगठा पाठवा, लेकरू गाडीत बसून असन, तिले ऑफिसले उशीर होते.

सर कडुनिंबाकडे पाहत म्हणाले, "थांबू द्या थोडं. आपल्याले किती थांबवलं तिनं."